नव्या घराचे छप्पर : हलके आणि गार



चार पैसे गाठीला आले की आपण घर बांधायला काढतो. भिंती, फरशी, रंग यांवर घरात बोलणे होते. छप्पर मात्र गवंडी सांगेल ते. आज मी छपराविषयीच बोलणार आहे.

मराठवाड्यात पूर्वी माळवदाची घरे. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला तरी आत गारवा असे. पण फूटभर मातीचे वजन दर चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास भरते, आणि गळती थांबवायला आपण वरून आणखी माती टाकत गेलो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा दगडी भिंती ढासळल्या आणि हीच माती झोपलेल्या माणसांवर आली. हजारो जीव गेले. पत्रा हलका खरा, पण भर दुपारी त्याच्याखाली म्हाताऱ्या माणसांनी आणि लेकरांनी बसायचे कसे?

यावर एक उपाय शीतगृहाच्या भिंतीत आहे. दोन पातळ पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो. बाजारात त्याला पफ पॅनेल म्हणतात. ५० मिलिमीटर जाडीचे पॅनेल दर चौरस मीटरला १०-१२ किलो भरते. अमेरिकेत लाकडी फळ्यांमध्ये फोम घालून भिंतीही अशाच करतात. आपल्याकडची वाळवी पाहता तसल्या भिंती मी सुचवणार नाही. भिंती विटांच्याच ठेवा, वरून सलग काँक्रीटचा पट्टा घ्या आणि पॅनेल फक्त छपराला वापरा.

एक फरक ध्यानात घ्या. माती उष्णता पोटात साठवते, फोम ती नुसती अडवतो. म्हणून समोरासमोर खिडक्या ठेवून रात्री उघडाव्यात, म्हणजे भिंती निवतात.

हलके छप्पर वळवाच्या वाऱ्याने उडते. त्यामुळे छपराचा लोखंडी सांगाडा पट्ट्यात पुरलेल्या बोल्टांना आवळावा आणि पॅनेल त्या सांगाड्याला पक्के करावे. उघड्या कडा पत्र्याने बंद कराव्यात, नाहीतर उंदीर-मुंग्या फोममध्ये घर करतात. फोम पेटला तर धूर विषारी असतो. चुलीचे स्वयंपाकघर वेगळ्या छपराखाली घ्या आणि वायरिंग नळीतूनच न्या.

खर्च साध्या पत्र्यापेक्षा जास्त येतो. दर ठरवताना फोमची जाडी व घनता पावतीवर लिहून घ्या. घनता दर घनमीटरला ४० किलोच्या आसपास असावी. स्वस्तातला माल बहुधा थर्माकोलचा असतो. तो वाईट नाही, पण तेवढ्याच जाडीत उष्णता कमी अडवतो. पैसे देण्यापूर्वी कापलेला तुकडा पाहायला मागा.