पोरे पळविणारी टोळी आणि आमचा अंगठा
(गावकऱ्यांच्या सभेत एका शाळामास्तराने केलेले भाषण)



सुगी उरकत आली. आता दरसालाप्रमाणे नंदीबैलवाले, वासुदेव, डवरी गोसावी गावात येऊ लागतील. ते येण्यापूर्वी एक गोष्ट सर्वांच्या कानावर घालावी म्हणून आम्ही उभे आहोत. आयाबायांनी जरा पुढे सरकून बसावे, कारण गोष्ट पोरांबाळांची आहे.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, रविवार, बाजारचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी त्या बाजारात आले. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढे भागाचे. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढेच निमित्त झाले. कोणी तरी ओरडले, हीच ती पोरे पळविणारी टोळी! जमाव जमला. पाचांनाही ग्रामपंचायतीच्या कचेरीत कोंडून मरेपर्यंत मारले. सोडवावयास आलेल्या पोलिसांनाही मार बसला. त्या पाचांनी कोणाचेही पोर पळविले नव्हते. इकडे त्यांच्या बायका पाल टाकून वाट पाहात बसल्या असतील, याचा विचार त्या घटकेला एकालाही सुचला नाही.

राईनपाड्याचे लोक काय राक्षस होते? मुळीच नव्हे. तुमच्याआमच्यासारखेच हातावर पोट असलेले, पोरांवर जीव टाकणारे लोक ते. पुढे धरपकड सुरू झाली तेव्हा भीतीने घरेच्या घरे ओस पडली. मेलेल्यांचे संसार गेले आणि मारणाऱ्यांचेही गेले.

ही आग लागली कोठून? त्याआधी कित्येक दिवस फोनवर मजकूर फिरत होता की, पोरे चोरणारे शेकडो लोक मुलखात शिरले आहेत, सावध राहा. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरला. दोघे जण मोटारसायकलवरून येतात आणि खेळणारे पोर उचलून नेतात. पाहणाऱ्याच्या काळजात धस्स व्हावे असाच तो आहे. पण तो मूळचा कराचीचा! पोरांना जपा, हे लोकांस शिकविण्यासाठी तेथील एका संस्थेने मुद्दाम करविलेले ते नाटक. शेवटी ते दोघे पोर परत आणून ठेवतात आणि एक फलक दाखवितात. कोणी तरी लबाडाने तो शेवटच कापून टाकला. राहिला तो निव्वळ भीतीचा तुकडा, आणि तो लाखो घरांत गेला.

आता नीट ऐका. तो पुढे धाडणाऱ्यांत लबाड किती होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सारे मायेपोटी धाडीत होते. बहिणीची पोरे जपावीत म्हणून भाऊ तिला धाडी, ती जावेला धाडी. खोटे चालते ते असे, खऱ्या मायेच्या पाठीवर बसून. म्हणून ते ओळखावयास कठीण.

आमच्या आजापणज्यांना अक्षर येत नव्हते. सावकार कागद पुढे करी, म्हातारा त्यावर अंगठा उठवी, आणि जमीन जाई. कागदात काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे. आज आमच्या पोरांना लिहिता वाचता येते, आणि तरीही काय चालले आहे? कोणी लिहिले, कोठले, केव्हाचे, काही न पाहता अंगठा दाबला की मजकूर पुढे! उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, पण आता जीभही उचलावी लागत नाही.

हे केवळ खुनापुरते आहे असे समजू नका. २०२० साली, करोना नुकताच आला होता तेव्हा, कोंबडी खाल्ल्याने तो होतो अशी आवई उठली. तिला काडीचा आधार नव्हता. दर असे कोसळले की खाद्याचा खर्च निघेना. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात गोकाककडे एका शेतकऱ्याने हजारो जिवंत कोंबड्या खड्ड्यात पुरल्या. ज्याने मजकूर धाडला त्याचे काय गेले? एक दमडीही नाही.

त्याच साली १६ एप्रिलला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू व त्यांचा ड्रायव्हर असे तिघे चोर-पोरचोर समजून मारले गेले. त्यावर लगेच दुसरे खोटे उठविले गेले की हे मुसलमानांनी केले. तेव्हाच्या गृहमंत्र्यांना पकडलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून सांगावे लागले की यांत एकही मुसलमान नाही. पहिले खोटे भीतीतून निघाले असेल, पण दुसरे हिशेबाने सोडलेले होते. अफवेच्या चुलीवर आपली भाकरी भाजणारे असे टपलेलेच असतात. निवडणुकीच्या हंगामात तर त्यांचे पीक जोरात येते.

आता दुसरी बाजू. राईनपाड्यात हे घडले त्याच दिवशी रात्री मालेगावात असाच जमाव एका परक्या कुटुंबावर धावला. बरोबर लहान लेकरूही होते. तेथल्या एका गृहस्थाने त्यांना आपल्या घरात घेतले, पोलीस पोहोचेपर्यंत दार उघडले नाही, आणि ती सगळी माणसे वाचली. त्या गृहस्थापाशी काही फौज नव्हती. मारण्याआधी विचारावे, एवढी अक्कल होती.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपवाल्यांनी एक मजकूर एका वेळी पाचांनाच धाडता येईल असे केले. २०२० पासून फार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जातो, आणि त्याच्या डोक्यावर दोन बाण येतात. दोन बाण दिसले की समजा, हा अनेकांच्या हातून आला आहे आणि मूळ धनी ठाऊक नाही. पण असे कुंपण घालून भागत नाही. हातात विळा असला तर कुंपण तुटतेच.

तेव्हा गावाने ठरवावे असे आम्हांस वाटते. पोरे पळविल्याचा मजकूर आला तर प्रथम गाव, तालुका, तारीख पाहावी. नसली तर तेथेच पुसावा. असली तर पोलीस पाटलांना विचारावे, नाही तर ११२ वर फोन करावा. गावात परका आला तर आमचे वडील काय करीत? "पाव्हणं, कुठलं गाव?" असे विचारून तांब्याभर पाणी देत. त्या एका प्रश्नात सगळी चौकशी होऊन जाई. वाटलेच कोणाला शंकास्पद, तर त्याला चावडीवर बसवावे, अंगाला हात लावू नये.

येत्या बुधवारपासून शाळा सुटल्यावर आम्ही पडवीत तासभर बसू. ज्याला फोनवरचा मजकूर तपासून घ्यावयाचा असेल त्याने यावे. म्हाताऱ्यांनी नातवंडांस बरोबर आणावे, म्हणजे बाण कोठे दिसतात ते पोरेच दाखवितील. आणि डवरी मंडळी आली की त्यांचे पाल मारुतीच्या देवळामागे पडू द्यावे. तेथे नळ आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेखाली ती निर्धास्त राहतील.