रोप मूळ धरीपर्यंत

(परदेशी शिक्षणास निघालेल्या विद्यार्थ्यांना निरोप देण्यासाठी भरलेल्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

चार दिवसांनी विमानात बसणाऱ्या मुलामुलींनो,

आम्हां तिघांना येथे बोलावयास उभे केले आहे ते आम्ही कोणी मोठे विद्वान म्हणून नव्हे. आमच्यातला एक कुणब्याचा, एक माळ्याचा व एक सुताराचा. तिघेही जर्मनीत आखेन या गावी यंत्रविद्या शिकून परत आलो, एवढीच आमची लायकी. आमच्या आधी बोललेल्या मंडळींनी परदेशी विद्येची थोरवी सांगितली. ती खोटी नाही. परंतु ती थोरवी दुसऱ्या वर्षी दिसू लागते. पहिल्या पंधरा दिवसांत काय दिसते, ते कोणी सांगत नाही. आम्ही तेवढेच सांगणार आहोत.

भाताचे रोप तरव्यातून उपटून चिखलात लावले म्हणजे ते मान टाकते, पिवळे पडते. नवखा म्हणतो, गेले! जाणता शेतकरी बांधावर उभा राहून फक्त पाणी पाहतो. आठदहा दिवसांत रोप मूळ धरते. माणसाच्या लेकराचेही असेच आहे.

जर्मनीच का, असे पुष्कळ जण विचारतात. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकविण्याची फी नाही. सहामाहीस काही थोडी वर्गणी भरावी लागते. मात्र बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात २०१७ पासून आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांकडून सहामाहीस १५०० युरो घेतात. फी नाही म्हणून खर्च नाही, असे मात्र समजू नका. वर्षाच्या पोटापाण्याचे पैसे आधीच एका बंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून हा आकडा ११,९०४ युरो होता. म्हणजे दहा लाख रुपयांच्या वर. त्यातून महिन्यास ९९२ युरो हाती येतात. निघण्यापूर्वी चालू आकडा वकिलातीकडून पाहून घ्यावा.

आता आमची फजिती ऐका. आम्ही शनिवारी रात्री पोहोचलो. दुसरा दिवस रविवार. तेथे रविवारी दुकाने बंद असतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. आईने दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांवर दिवस काढला. दूध, तूप, पेढे, मांस असले पदार्थ बाहेरून त्या मुलखात नेण्यास बंदी आहे, म्हणून आयाबायांनी चटणी, मसाले, मेतकूट द्यावे. पेढे येथेच खाऊ घालावेत. सोमवारी पाणी म्हणून बाटल्या विकत घेतल्या, तर तो निघाला सोडा! नळाचे पाणी तेथे खुशाल प्यावे, हे आठ दिवसांनी कळले. आणि त्या रिकाम्या बाटल्या आम्ही फेकून दिल्या. दर बाटलीमागे २५ सेंट अनामत असते व बाटली परत केली की ती मिळते, हेही मागाहून कळले. या गोष्टींवर आज हसू येते. परंतु पुढची गोष्ट हसण्याची नाही.

त्या देशात घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत आपले नाव नोंदवावे, असा कायदा आहे. नोंदणीस घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. आमच्या बँकेने नोंदणीचा दाखला मागितला. कराचा क्रमांक नोंदणीनंतर टपालाने येतो, आणि काम देणारा तो क्रमांक मागतो. राहण्याचा परवानाही याच दाखल्यावर अवलंबून. म्हणजे पहा, एक खोली नसली की सारी गाडी चिखलात रुतली.

आमच्यातल्या सुताराच्या मुलाने निघण्यापूर्वीच छायाचित्रे पाहून एक खोली ठरविली होती. समोरच्याने अनामत आधी मागितली. त्याच्या आबांनी मुलीच्या लग्नासाठी राखून ठेवलेला सागवान विकला आणि पैसे पाठविले. तेथे पोहोचून पाहतो तो त्या पत्त्यावर दुसरेच लोक नांदत होते. खोली नव्हती व पैसे घेणाराही नव्हता. लबाडाने गंडविले होते.

या मुलाने कोणाला काय सांगावे? काही नाही! आम्हां दोघांना एक लहानशी खोली मिळाली होती. तो संध्याकाळी आमच्याकडे जेवी आणि "जातो खोलीवर" म्हणून निघे. पहिल्या दोन रात्री त्याने प्रवाशांच्या स्वस्त उतारगृहात काढल्या. पुढे पैसे पुरवावेत म्हणून स्टेशनच्या बाकावर. घरून आबांचा रोज फोन, "खोली कशी हाय?" तो म्हणे, "झकास हाय, आबा. खिडकीतनं झाड दिसतं." स्टेशनात कसले झाड!

आम्हीही कमी दोषी नव्हतो. त्याची खोली पाहू, असे आमच्या एकदाही मनात आले नाही. सात रात्री गेल्या. आठव्या दिवशी तो ओलाचिंब होऊन जेवावयास आला. पाठीवरची पिशवी आम्ही वाळत घालावयास उघडली. आत सारे कपडे, ताट आणि अंथरूण. मग आम्हांस समजले.

दुसऱ्या दिवशी तिघे मिळून विद्यापीठातील परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत गेलो. वाटत होते, बाई हसतील, रागावतील. त्या ना हसल्या ना रागावल्या. असे फसलेले मूल दर वर्षी येते, एवढेच म्हणाल्या, आणि फोन फिरविला. त्याच रात्री वसतिगृहात तात्पुरती खाट मिळाली, पुढे खोली मिळाली, सहीचा कागद मिळाला, नोंदणी झाली. पोलिसांत फिर्याद दिली. पैसे काही परत आले नाहीत. जे काम अर्ध्या तासात झाले, त्यासाठी सात रात्री थंडीत काढल्या! का? विचारावयाची लाज. अडाणी ठरू, घरी कळेल, लोक म्हणतील ऐपत नव्हती तर गेला कशाला.

मंडळी, ही लाज कोणी बाळगावी? डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कास कोलंबिया विद्यापीठात गेले. विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये ते आठवडाभर राहिले. तेथील जेवण मानवेना, म्हणून कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले, कारण तेथे काही हिंदी विद्यार्थी होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर राहू लागले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. एवढ्या मोठ्या पुरुषालाही प्रथम बिऱ्हाडे बदलावी लागली, सोबती शोधावा लागला. मग तुम्हांआम्हांस आठ दिवसांत सारे साधले नाही, तर त्यात कमीपणा कसला?

मुलांनो, तुम्हांस चार गोष्टी सांगतो. प्रवेशाचे पत्र हाती येताच वसतिगृहासाठी अर्ज करा. तेथे श्टुडिरेंडनवेर्क नावाच्या संस्था विद्यार्थ्यांची वसतिगृहे व भोजनालये चालवितात. स्वतः किंवा विश्वासाच्या माणसाने पाहिल्यावाचून कोणत्याही खोलीचे पैसे पाठवू नका. बंद खात्यातले पैसे लगेच हाती येत नाहीत, म्हणून पहिल्या महिन्याचा खर्च जवळ ठेवा. आणि अडलात तर त्याच दिवशी विचारा. बाजारात भाव विचारताना आपण लाजत नाही. मग येथेच का लाजावे?

आईबापांनो, तुम्हांसही एक सांगणे आहे. "सगळं ठीक आहे ना?" असे विचारू नका. त्या प्रश्नातच उत्तर भरलेले असते. पोर "हो" म्हणते आणि तुम्ही निजता. आज कोठे झोपलास, काय खाल्लेस, कोणाशी बोललास, असे विचारा. आणि वाईट बातमी आली तर पहिल्या झटक्याला पैशांचा हिशेब काढू नका.

आमच्या सोबत्याने ही हकीकत सभेत सांगण्यास परवानगी दिली, पण आधी आबांच्या कानी घालतो म्हणाला. आज सकाळी त्याने ती घातली. आबा समोर बसले आहेत. ते त्याला म्हणाले, "सागवान काय, पुन्हा मिळंल. पण सात राती तू मला बोलला न्हाईस, त्याचं लई वाईट वाटलं."

याहून अधिक आम्हांस सांगावयाचे नाही. रोप मान टाकील, घाबरू नका. पाणी मात्र तोडू नका.