तीन नळकांड्यांची मोटार

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचें औरंगाबाद. तेथील शेंद्रा औद्योगिक वसाहतींत स्कोडा मोटारींची जुळणी २००१ सालीं सुरू झाली, आणि २००८ सालीं तेथूनच 'फाबिया' ही लहान मोटार बाहेर पडली. तिच्या १.२ लिटर पेट्रोल एंजिनाला नळकांडीं तीनच. एकूण घनफळ १,१९८ घन सेंटिमीटर.

चार नळकांड्यांच्या एंजिनांत दोन फेऱ्यांत चार स्फोट होतात, येथें तीनच. त्यामुळें उभ्या मोटारीला थोडी थरथर असतेच. ती एंजिनाची प्रकृति आहे, विकृति नव्हे. मात्र थरथरीस सरावलेला कान खऱ्या दुखण्याकडेहि दुर्लक्ष करूं लागतो.

अशीं दुखणीं मुख्यतः दोन. प्रत्येक नळकांड्याला ठिणगी पुरविणारी स्वतंत्र कॉइल असते. एक निकामी झाली कीं गाडीला हिसके बसतात. तशीच हांकीत राहिल्यास न जळलेलें पेट्रोल धुराड्यांत जाऊन तेथील उत्प्रेरकाची हानि करतें.

दुसरें दुखणें झडपा चालविणाऱ्या साखळीचें. तिला ताणून धरणारा भाग तेलाच्या दाबावर काम करतो. साखळी सैल झाली म्हणजे थंड एंजिन सुरू होतांना खडखड ऐकूं येते. पुढें साखळी दांता चुकली तर दट्ट्या झडपांवर आदळतो, आणि दुरुस्तीचा खर्च जुन्या गाडीच्या किंमतीशीं स्पर्धा करूं लागतो.

म्हणून अशा मोटारीच्या मालकानें तेल वेळेवर बदलावें. चढावर गाडी केवळ गिअरच्या भरंवशावर उभी करूं नये. एंजिन उलटें फिरून साखळी सरकण्याचा संभव असतो. थरथर खुशाल सोसावी. खडखड मात्र एक दिवसहि सोसूं नये.