मोबाईलमधला प्रचार आणि आपण

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



पूर्वी निवडणूक आली की भिंती रंगत, रिक्षावर भोंगा लागे आणि उमेदवार हात जोडून दारात उभा राही. नळाला पाणी कधी येणार, असे त्याला तोंडावर विचारता येई. आता तो दाराऐवजी मोबाईलमध्ये येतो. तो बोलतो, आपण बघतो. व्हॉट्सॲपच्या गटात कुणी अडचणीचा प्रश्न विचारलाच, तर तिला गटातून काढून टाकता येते.

या प्रचारात बाई कशी दिसते? जून २०२४ मध्ये महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना जाहीर झाली. २१ ते ६५ वयाच्या पात्र स्त्रियांना दरमहा १५०० रुपये. नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली. मधल्या काळात राख्या बांधून घेणाऱ्या पुढाऱ्यांच्या चित्रफिती फेसबुकवर, इन्स्टाग्रामवर फिरत राहिल्या. बाईच्या खात्यात पैसे येणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण या चित्रांतली बाई फक्त ओवाळते. रेशन, रोजगार, घरातली मारहाण याबद्दल ती बोलत नाही. सरकारी तिजोरीतला, म्हणजे आपलाच पैसा भावाची ओवाळणी होऊन येतो. निकाल लागला तेव्हा २८८ आमदारांत स्त्रिया होत्या २१. बहिणींची मते हवीत, बहिणी सभागृहात नकोत!

आणि जी उभी राहते तिचे काय होते? २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ॲम्नेस्टी इंटरनॅशनल इंडियाने ९५ स्त्री राजकारण्यांना उद्देशून केलेले ट्वीट तपासले. साधारण दर सातांतला एक त्रासदायक किंवा शिवीगाळीचा होता. मुस्लिम स्त्रियांच्या वाट्याला धर्मावरून येणारे अपशब्द कितीतरी जास्त होते. पुरुष उमेदवाराच्या कामाची चर्चा होते, बाईच्या चारित्र्याची. गावात सरपंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या बाईला हे ठाऊकच आहे. फरक एवढाच की पारावरची कुजबुज आता तासाभरात तालुकाभर पोचते, आणि तिच्या सासरीही.

कायदा नाही असे नाही. निवडणूक आयोगाने २०१३ मध्येच सूचना काढल्या. उमेदवाराने शपथपत्रात आपली समाजमाध्यमांवरची खाती लिहायची, पैसे देऊन केलेली जाहिरात आधी समितीकडून मंजूर करून घ्यायची, आणि त्यावरचा खर्च, मजकूर बनवणाऱ्यांच्या पगारासकट, हिशेबात दाखवायचा. २०२४ मध्ये विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटे पसरवणे हे भ्रष्ट आचरण आहे.

मग अडते कुठे? ते उमेदवाराने, त्याच्या एजंटाने किंवा त्यांच्या संमतीने केले हे सिद्ध करावे लागते. घाणेरडा मजकूर उमेदवाराच्या खात्यावरून निघतच नाही. तो 'चाहत्यां'च्या पानावरून, निनावी नंबरावरून निघतो. उमेदवार हात झटकतो, खर्चही त्याच्या नावावर चढत नाही.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात स्वतः वापरता येईल असा मोबाईल ५४ टक्के स्त्रियांकडे होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. म्हणजे अनेक घरांत हा प्रचार आधी नवऱ्याच्या, मुलाच्या हाती पडतो, आणि तिच्यापर्यंत पोचतो तो त्यांनी सांगितलेला.

म्हणून काही कामे आपण वाटून घेऊ. अर्ज भरले की उमेदवारांची शपथपत्रे बघायची, खाती लिहून ठेवायची. फेसबुकच्या मालक कंपनीच्या जाहिरात-संग्रहात कुणी किती पैसे लावले ते दिसते, त्याची नोंद ठेवायची. एखाद्या बाईबद्दल गलिच्छ मजकूर आला तर तो पुढे पाठवायचा नाही. पडद्याचे चित्र, तारीख, वेळ, नंबर जपायचे आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यायची. ती बाई कोणत्या पक्षाची, हे विचारायचे नाही.

आणि बचत गटाच्या बैठकीत उमेदवाराला बोलवायचे. फोन बाजूला ठेवून, समोरासमोर. पाण्याचा प्रश्न तिथेच विचारायचा.