पस्तीस वर्षांनी आलेलं ‘मुकर्रर’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मुशायऱ्यात एखादा शेर आवडला की समोरून आवाज येतो, ‘मुकर्रर!’ म्हणजे पुन्हा म्हणा. आपल्या संगीत नाटकाच्या प्रेक्षकांचा ‘वन्स मोअर’ तोच. शायर तोच शेर पुन्हा म्हणतो, आणि गंमत अशी की दुसऱ्यांदा तो वेगळा ऐकू येतो. पहिल्या खेपेला कान काफियाची वाट पाहत असतो. दुसऱ्या खेपेला वाट पाहणं संपलेलं असतं, म्हणून शब्द नीट ऐकू येतात. या दुसऱ्या ऐकण्याविषयी आज बोलायचं आहे; पण कवितेच्या नव्हे, रॉक आणि हेवी मेटल या संगीताच्या निमित्ताने. आपल्याकडे बहुतेक घरांत ‘गोंगाट’ एवढं म्हणून त्याचा निकाल लागतो.

भुसावळात हेवी मेटल कुठून आलं, असं कुणी विचारेल. ते रेल्वेनेच आलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईला कामासाठी जाणारा कुणीतरी येताना एखादी कॅसेट घेऊन यायचा. मग तिच्या नकला व्हायच्या, नकलेच्याही नकला व्हायच्या, आणि चौथ्या हातात पोचेपर्यंत गिटारपेक्षा खरखर जास्त ऐकू यायची. तरी हे संगीत इथे परकं वाटलं नाही. ज्या गावात लोको शेड आहे, वर्कशॉप आहे, आयुध निर्माणी आहे, तिथल्या कानांना लोखंडाचा आवाज नवा नसतो.

या संगीताचा जन्मही अशाच एका कामगार शहरात झाला. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची बोटं नेमकी हीच. तेव्हा कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची रेकॉर्ड ऐकवली. भाजलेल्या हाताने, दोनच बोटांवर भर देऊन वाजवणारा हा माणूस. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडं चिकटवलं, पातळ तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून सूर खाली आणला. त्यातून तो जाड, जडशीळ आवाज घडला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबाथ’ या बँडचा पहिला अल्बम १९७०च्या फेब्रुवारीत आला, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. आज तोच हेवी मेटलचा पाया मानतात.

पण मला बोलायचं आहे ते त्याच बँडच्या १९८९च्या ‘हेडलेस क्रॉस’ या अल्बमविषयी. मूळचा गायक ओझी ऑस्बर्न १९७९मध्ये बाहेर पडला होता. नंतर गायक बदलत गेले. १९८९पर्यंत मूळ चौघांपैकी एकटा आयोमी उरला. गायला होता टोनी मार्टिन आणि ड्रम्सवर होता कोझी पॉवेल. लोक म्हणाले, नाव तेवढं सॅबाथ, बाकी काही नाही. त्यात काळही उलटा होता. एकीकडे टीव्हीवर केस फुगवलेले देखणे बँड, दुसरीकडे ‘मेटालिका’सारखी अधिक वेगवान नवी पोरं. आणि पुढे तर हा अल्बम दुकानांतूनच गेला. कित्येक वर्षं तो नव्याने छापलाच गेला नाही. जी वस्तू मिळतच नाही, तिच्याविषयी मत बदलणार तरी कसं?

मे २०२४मध्ये मार्टिन गायला त्या काळातले चार अल्बम ‘अ‍ॅनो डॉमिनी’ या नावाच्या संचात, ध्वनी नव्याने साफ करून, बाजारात आले. जगभरच्या रसिकांनी पस्तीस वर्षांपूर्वीचा ‘हेडलेस क्रॉस’ पुन्हा ऐकायला घेतला. २२ जुलै २०२५ रोजी ओझी गेला. त्याच्या सतराच दिवस आधी बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे शेवटचे एकत्र वाजवून गेले होते. त्यानंतर आम्ही तिघा मित्रांनीही सॅबाथचे सगळे अल्बम क्रमाने ऐकायचं ठरवलं. आमच्यातला एक लोको शेडमधून निवृत्त झालेला फिटर, दुसरा शिक्षक. फिटर मित्राचं मत पक्कं होतं, ‘ओझी गेला तिथं सॅबाथ संपलं.’ ‘हेडलेस क्रॉस’ची पाळी आली. पहिलं गाणं संपेपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, ‘लाव ना भो पुन्हा.’

मुकर्रर म्हणतात ते हेच.

काय आहे या अल्बममध्ये? पहिली गोष्ट, कोझी पॉवेलचे ड्रम्स. प्रत्येक ठोका मोकळ्या जागेत पडावा तसा पडतो. दोन ठोक्यांमध्ये श्वास घ्यायला जागा आहे. घाई नाही. दुसरी गोष्ट, मार्टिनचा आवाज. तो ओझीची नक्कल करत नाही. ओझीच्या आवाजात घाबरलेल्या मुलाचा कंप होता. मार्टिनचा आवाज भरदार आहे आणि वरच्या पट्टीत गेल्यावरही फाटत नाही. तिसरी गोष्ट, शीर्षकगीताचा विषय. हेडलेस क्रॉस ही बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला, रेडिचमधली खरी वस्ती, आणि गाणं आहे प्लेगने ओस पडणाऱ्या गावाचं. १८९६नंतर मुंबई इलाख्यात प्लेगने जे केलं, घरं सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेल्यांच्या ज्या कथा आजीआजोबांनी सांगितल्या, त्या ज्यांच्या कानांवर आहेत त्यांना हे गाणं समजावून सांगावं लागत नाही.

‘व्हेन डेथ कॉल्स’ या गाण्यात ‘क्वीन’ बँडचा ब्रायन मे पाहुणा म्हणून गिटार वाजवून गेला आहे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेला होता तो आपल्या पाचगणीत. जग असं लहान असतं.

दोषही सांगायला हवेत. काही गाण्यांत सैतानाचं नाव इतक्या वेळा येतं की भीती वाटायची सोडून हसू येतं. घुमणारा आवाज १९८९चा आहे, तो लपत नाही. आणि त्याच संचातल्या १९९५च्या ‘फॉरबिडन’चं आयोमीने नव्याने ध्वनिमिश्रण केलं, माझ्या कानाला त्याने आवाज सुधारला, गाणी सुधारली नाहीत. उपेक्षित असणं ही काही गुणवत्ता नव्हे. मुकर्रर म्हणणं म्हणजे आंधळी दाद नव्हे. ती पुन्हा तपासून घेण्याची मागणी आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. १९७०च्या दशकात मुंबईत ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ नावाचा रॉक बँड होता. त्यात काही काळ गायले ते नंदू भेंडे, आपले नट-दिग्दर्शक आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी ज्यूडास उभा केला, १९७८च्या ‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीतात त्यांचा वाटा होता, १९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधलं कृष्णाला साद घालणारं गाणं त्यांच्याच आवाजात आहे. ते गाणं गावोगावच्या लाउडस्पीकरवरून वाजलं, गाणाऱ्याचं नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक झालं. २०१४मध्ये ते गेले.

‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’चा ‘ऑब्सेशन ७७’ हा एकच अल्बम. तो आपल्याकडे विस्मरणात गेला. मूळ प्रती दुर्मीळ झाल्या, परदेशी संग्राहक त्यांच्यासाठी भारी किंमत मोजू लागले, आणि २०११मध्ये ‘नाऊ-अगेन’ या अमेरिकन कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली. म्हणजे मुंबईत वाजलेल्या संगीताला ‘मुकर्रर’ म्हणणारा आवाज आला तो सातासमुद्रांपलीकडून. ‘लेड झेपेलिन’च्या दोघांनी १९७२मध्ये मुंबईच्या वादकांना घेऊन केलेलं ध्वनिमुद्रणही अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं.

मला यात खरा प्रश्न दिसतो तो खणांचा. हे संगीत इंग्रजी, म्हणून मराठीच्या खणात नाही. ते मुंबईचं, म्हणून विलायतीच्या खणातही नाही. मराठीत लिहिणारा मुसलमान कवी म्हणून ही तऱ्हा माझ्या परिचयाची आहे. पुस्तक कुठल्या खणात ठेवायचं यावर आधी चर्चा होते, उघडून वाचणं मागे राहतं. ‘हेडलेस क्रॉस’चंही तेच झालं. वेष्टनावरच्या नावाने त्याचा निकाल आधीच लागला होता.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात माळ्यावर कॅसेटींची पिशवी असेल. मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, काहीही. भंगारवाल्याला देण्याआधी ती उघडा. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर तशीच लावू नका, यंत्रही खराब होईल. जाणकाराकडून आधी साफ करून घ्या. फीत चांगली असेल तर एकदा पुढे-मागे पूर्ण फिरवा आणि मग ऐका. जमलं तर संगणकावर उतरवून ठेवा, आणि कोण गातंय, कुठे वाजलं, कॅसेट कुणी आणली, हे कागदावर लिहून ठेवा. एखादी गोष्ट पुन्हा ऐकून नको वाटली, तर खुशाल टाकून द्या. पण टाकायची ती ऐकून.