दोन बिनतारी पद्धतींची चढाओढ

अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरांत २००८ सालच्या शरद ऋतूंत ‘वायमॅक्स’ नांवाच्या बिनतारी पद्धतीवर चालणारें नवें जाळें सुरू झालें. तें उभारणारी स्प्रिंट ही त्या देशांतील एक बडी दूरध्वनी कंपनी. इंटेल, मोटोरोला, सॅमसंग यांसारखे मातबर कारखानदार तिच्या पाठीशीं उभे होते. प्रतिस्पर्धी ‘एलटीई’ पद्धतीचें एकही जाळें तोंवर जगांत कोठें ग्राहकांना खुलें झालेलें नव्हतें. तीं पहिलीं जाळीं १४ डिसेंबर २००९ रोजीं स्टॉकहोम व ऑस्लो येथें निघालीं. शर्यतींत वायमॅक्स अशी वर्षाहून अधिक पुढें होती. तरीहि ती हरली.

जी अधिक वेगवान तीच जिंकली असावी, असा कित्येकांचा समज आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. दोहोंच्या मुळाशीं युक्ति एकच: माहितीचा ओघ एका रुंद लहरीवरून न लोटतां शेंकडों अरुंद लहरींत वांटून द्यावयाचा, म्हणजे इमारतींवर आपटून परतणाऱ्या प्रतिध्वनींनीं तो गढूळ होत नाहीं. फरक होता तो कुळाचा. वायमॅक्स जन्मली संगणकाच्या जगांत. एलटीई जीएसएमच्या घराण्यांतली. आणि जगांतील बहुसंख्य कंपन्यांचीं जुनीं जाळीं जीएसएमचीं. मनमाडला मुंबईची रुंद रुळांची गाडी सोडून मराठवाड्याकडे जाणाऱ्या मीटर रुळांच्या गाडींत सामान हलवावें लागे, हें जुन्या प्रवाशांना आठवत असेल. नव्या जाळ्याची हद्द संपतांच ग्राहकाला जुन्या जाळ्यानें अलगद उचलून घ्यावें, ही सोय एलटीईंत मुळापासून योजलेली होती. वायमॅक्सच्या वाट्याला जागोजाग मनमाडच आलें!

नवल व्हेरायझनचें. ती जीएसएमच्या कुळांतली नव्हे. तरी २००७ च्या नोव्हेंबरांत तिनेंहि एलटीईच पत्करली. ग्राहक जिकडे अधिक तिकडे यंत्रें स्वस्त, आणि यंत्रें स्वस्त तिकडेच पुन्हां ग्राहक. हें गणित तिला आधींच उमगलें असावें.

हिंदुस्थानांतहि हा डाव रंगला. २०१० च्या लिलांवांत क्वालकॉम या चिप-कारखानदारानें मुंबई, दिल्ली, हरियाणा व केरळ येथील लहरींचे हक्क विकत घेतले. त्याला येथें दूरध्वनीचा धंदा करावयाचा नव्हता. एलटीई रुजावी एवढाच हेतु. २०१२ सालीं एअरटेलनें पुण्यांत एलटीईच सुरू केली.

स्प्रिंटनें २०११ च्या ऑक्टोबरांत एलटीईकडे वळण्याचें जाहीर केलें. वायमॅक्स बंद करण्याचा दिवस २०१५ च्या नोव्हेंबरांत येऊन ठेपला, तेव्हां शाळा, ग्रंथालयें व गरीब कुटुंबें यांना स्वस्त जोडणी पुरविणाऱ्या संस्थांनीं मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयाकडे धांव घेतली. न्यायालयानें कांहीं शहरांपुरती ९० दिवसांची मुदत दिली. २०१६ सालीं तेंहि जाळें मिटलें. त्या घरांतील वायमॅक्सचीं यंत्रें बिघडलेलीं नव्हतीं. बदलावीं मात्र सगळींच लागलीं.