जपात अंग डोलते तेव्हा
(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या व्याख्यानाचा गोषवारा)



बंगळूरमध्ये इतकी वर्षे डॉक्टरकी केली. रक्तदाब, साखर याबद्दल आपली मंडळी मोकळेपणाने बोलतात. एक प्रश्न मात्र उठता उठता, आवाज खाली आणून विचारतात: "डॉक्टर, जपाला बसलं की मान आपोआप फिरते, अंगाला झटका बसतो. हे चांगलं की वाईट?"

प्रश्न जुनाच आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत, समाधिपादाच्या 31 व्या सूत्रात, 'अंगमेजयत्व' म्हणजे अंगाचा कंप येतो. तिथे त्याची पंगत दुःख, खिन्नता आणि विस्कटलेला श्वास यांच्याबरोबर आहे. चित्त विचलित असल्याची ती खूण. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात मात्र हीच थरथर, म्हणजे 'वेपथु', अश्रू आणि रोमांच यांच्यासह आठ सात्त्विक भावांत मोजली आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृत झाल्यावर देहात काय घडते, याचे विस्तृत वर्णन आहे. पुण्याच्या गुळवणी महाराजांच्या (निर्वाण 1974) शक्तिपात परंपरेत अशा हालचालींना 'क्रिया' म्हणतात. त्या मुद्दाम करायच्या नाहीत, साक्षीभावाने पाहायच्या. आणि आपले कन्नड शेजारी 'मैमेले देवरु बरोदु' म्हणतात, तेच आपले 'अंगात येणे'.

आता वैद्यकशास्त्र काय म्हणते? डोळे मिटून ताठ बसलो की शरीर तोल सांभाळताना थोडे डोलतेच. डुलकी लागण्याच्या बेतात असताना अंगाला हिसका बसतो, तो निरोगी माणसालाही. अथर्वशीर्षाची आवर्तने घाईने, जोरजोरात श्वास घेत केली, तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो; ओठांना मुंग्या येतात, बोटे वाकडी होतात. शिवाय मनात हालचालीची कल्पना असली, तर स्नायू नकळत तिच्यामागे जातात. 1853 साली मायकेल फॅरेडेने हे दाखवून दिले. 'आत्मे टेबल हलवतात' असा तेव्हा बोलबाला होता. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, आणि आधी हात सरकतात हे सिद्ध केले. बसलेली माणसे खोटारडी नव्हती. त्यांना खरोखरच कळत नव्हते.

म्हणून डोलणाऱ्याला ढोंगी म्हणू नये, आणि लगेच पायाही पडू नये.

माझ्याकडे कॉलेजात जाणारा एक मुलगा आला होता. सजावटीसाठी रात्रभर जागून सकाळच्या आरतीला उभा राहिला की त्याच्या हातांना झटके बसत. दोनदा निरांजन पडले. घरचे समाधानी होते, मुलावर बाप्पाची कृपा आहे म्हणून. मी त्याला एवढेच विचारले, "सकाळी चहाचा कप पडतो का?" तो म्हणाला, "हो, परीक्षेच्या दिवसांत तर नेहमी." चहाच्या कपाशी देवाचे काय काम? ईईजी काढला. तो अपस्माराचा, किशोरवयात सुरू होणारा प्रकार निघाला. यात झटके बहुधा सकाळी येतात, जागरणाने वाढतात आणि गोळ्यांनी बहुतेकांना चांगला आराम पडतो. तो आजही आरतीला उभा राहतो. जागरण तेवढे वर्ज्य.

तेव्हा परीक्षा सोपी आहे. हालचाल फक्त जपातच होते, थांबवू म्हटले तर थांबते, शुद्ध राहते, नंतर मन शांत असते, तर काळजी नको. ती पूजेबाहेरही होत असेल, शुद्ध हरपत असेल, जीभ चावली जात असेल किंवा झोप उडाली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. आपल्या गावात तर निम्हान्ससारखी संस्था आहे. मांडवात कुणाला फिट आलीच, तर कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा वा पाणी घालू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, तर 108 ला फोन करा.

यामुळे श्रद्धेला धक्का बसतो, असे मला वाटत नाही. साधनेची खूण मान किती फिरली यावर ठरत नसते. आसनावरून उठल्यावर घरच्यांशी आपण कसे बोलतो, यावर ठरते. बुद्धिदात्याच्या मांडवात एवढा विवेक ठेवू या.

गणपती बाप्पा मोरया!